सामानापाशी कोण?

ब्रॅम्पटनमध्ये हिवाळा दोनदा येतो. एकदा आकाशातून येतो, आणि त्याच्या बराच आधी आमच्या सॅमच्या लॅपटॉपवर. नोव्हेंबर लागला, गाडीला विंटर टायर चढले, की माझा हा नवरा जेवणानंतर ताटं बाजूला सारतो आणि स्कीचे डोंगर उघडून बसतो. एक डोंगर, दुसरा डोंगर, पायथ्याचं तळं, तळ्याकाठची कॉटेज, कॉटेजमागचा हॉट टब. गेल्या वर्षी कुठला बर्फ कसा होता यावर अनोळखी माणसांनी घातलेले वाद तो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि मी डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता हूं हूं करते. वरच्या खोलीतून तालिया, आमची लेक, ओरडून विचारते, "आर वी गोइंग टू द सेम वन?" या प्रश्नाला आमच्या घरात आता एकच उत्तर आहे, तरी सॅम दर वर्षी सगळे डोंगर नव्याने बघतो. लग्न ठरल्यावरही हौसेने स्थळं बघत राहणाऱ्या माणसासारखं त्याचं चालतं.

मला मात्र डोंगरांच्या फोटोंनी काही होत नाही. मला हिवाळा आठवतो तो वासाने. स्की भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात शिरलं की ओल्या मोज्यांचा, गरम मेणाचा, कोको आणि रबराचा असा एक मिसळलेला वास नाकात जातो. चांगला म्हणावा असा तो मुळीच नाही. कितीतरी लोकांच्या पायांतून आलेले बूट तिथे फळ्यांवर रांगेने वाळत असतात. पण त्या वासाची आठवण झाली की मला हसू फुटतं, कारण त्या दुकानात माझी आई एका सकाळी चपला काढून रांगेत उभी राहिली होती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळचे अलिबागकडचे, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. घाणा पणजोबांच्या काळात सुटला, शनिवार काही सुटला नाही. आई ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाली. हिमनद्या, गवताळ प्रदेश, कॅनडातले लाकूडतोड्यांचे कॅम्प हे सगळं तिने खडूने फळ्यावर काढून पिढ्यान् पिढ्यांना शिकवलं होतं. बर्फ तिने पाहिला होता तो फ्रीजमधला. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा इकडे हिवाळ्यात आली, डिसेंबरपासून मार्चपर्यंत. आधीच्या तिच्या सगळ्या फेऱ्या उन्हाळ्यातल्या होत्या.

त्या उन्हाळ्यांतही तिने कॅनडा पाहिला असं म्हणणं धाडसाचं होईल. कारण माझी आई कुठेही गेली तरी सामानापाशी बसते. मराठी माणसांची सहल निघाली की डबे, पाणी, छत्र्या याच्या आधी एक गोष्ट ठरते, सामानापाशी कोण बसणार. आमच्या घरात हा प्रश्न कधी विचारावाच लागला नाही. किहीमच्या समुद्रावर आम्ही भावंडं बाबांचा हात धरून लाटांत उड्या मारायचो आणि आई वर वाळूत चटई टाकून बसलेली असायची. तिच्याभोवती सगळ्यांच्या चपला, रुमालात गुंडाळलेली घड्याळं, किल्ल्या, अर्धी खाल्लेली भेळ. आम्ही निथळत यायचो तेव्हा ती टॉवेल पुढे करायची. तिचे पाय कोरडे असत. लग्नाच्या हॉलमध्ये ती नवऱ्या मुलीच्या बॅगांवर बसून जेवली आहे. आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याचा रथ ज्या खडकावरून गेला असं आमच्यात मानतात, त्या अलिबागजवळच्या खडकाला आम्ही नवस फेडायला जायचो, तिथेही सगळ्यांच्या चपला राखायला ती खाली थांबायची आणि सगळे परतल्यावर एकटी घाईघाईने वर जाऊन यायची. तिला नायगाऱ्याला नेलं तेव्हा आम्ही बोटीत बसून भिजून आलो, ती बाकावर बॅगा मांडीशी घेऊन बसली होती. कसा वाटला धबधबा, मी विचारलं. आवाज छान येतो, ती म्हणाली.

तिला याचं वाईट वाटतं असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. तिला समुद्र आवडत नसेल, एवढंच मी धरून चालले. पुढे मी स्वतः आई झाले, पार्कमध्ये झोपाळ्यापाशी सगळ्यांची जॅकेटं सांभाळत उभी राहू लागले, तेव्हा कुठे कोरड्या पायांची ती गोष्ट मला टोचायला लागली. त्या हिवाळ्यात मी मनाशी ठरवलं होतं की आई परत जायच्या आत तिला एकदा तरी सामानावरून उठवायचं. बर्फात नेऊन उभं करायचं, घसरगुंडीवर बसवायचं, काहीही, पण तिचे पाय ओले झाले पाहिजेत.

म्हणून डोंगर निवडायला मी त्या वर्षी पहिल्यांदाच सॅमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेची सोमवारची सुट्टी धरून जायचं ठरलं होतं. सॅमला हवा होता उंच डोंगर, तालियाला जिथे तिच्या वर्गातलं कुणीतरी जाणार आहे असा डोंगर, आणि मला म्हाताऱ्या माणसाला काहीतरी करता येईल असा डोंगर. त्यात आमचा शनिवार. शनिवारी आम्ही गाडी काढत नाही, पैशाला हात लावत नाही, म्हणजे स्की रविवारपासून. सगळी पॅकेजं मात्र शनिवारी सकाळी सुरू होणारी. सॅम ट्रक कंपनीत डिस्पॅचला आहे. सबंध खंडातल्या गाड्यांचं येणंजाणं जुळवणारा हा माणूस आमच्या चार जणांच्या सहलीपुढे हात टेकून बसला होता.

आई सोफ्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत हे सगळं ऐकायची. सॅम तिला मान देऊन प्रत्येक डोंगर दाखवायचा. आई, हा बघा, इथे लिफ्ट केवढ्या आहेत. आई, हा क्वेबेकमधला, इथे सगळं फ्रेंच चालतं. ती चष्मा वर करून बघायची आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची, "सामान कुठे ठेवतात तिथे?"

मी आणि सॅम एकमेकांकडे बघायचो. सॅम शोधून सांगायचा की चॅले म्हणून मोठा हॉल असतो, आत शेकोटी असते, टेबलं असतात, कॉफी मिळते, आरामात बसता येतं. ती बरं म्हणायची आणि पुढची शेंग घ्यायची. दुसऱ्या डोंगराला पुन्हा तेच, सामान कुठे ठेवतात. मी तिला टायरसारख्या गुबगुबीत रबरी चकतीवर बसून घसरायचे व्हिडिओ दाखवले, बर्फावरून चालायचे जाळीचे बूट दाखवले, मी काम करते त्या लायब्ररीत येणाऱ्या एका पंजाबी आजींनी गेल्या वर्षी हे सगळं केल्याचं सांगितलं. ती म्हणाली, करू देत बापडी. पाचव्या-सहाव्या डोंगरापर्यंत माझा धीर सुटला. ही बाई उठणार नाही, मग निदान तिला बसायला जागा तरी चांगली मिळावी, असं म्हणून मी हात टेकले आणि डोंगर निवडला तो खिडकी बघून.

उत्तरेला तीनेक तासांवर एका गोठलेल्या तळ्याच्या काठी तो लहानखुरा डोंगर आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर पुढच्या वर्षी अर्धं ब्रॅम्पटन तिथे दिसेल. तळ्याच्या अलीकडे आमची कॉटेज, पलीकडे डोंगर. शनिवारी गाडी न काढता नुसतं बसून बघता येईल असा, हा त्याचा पहिला गुण. चॅलेला भिंतभर काच, आणि काचेलगत बाक, हा दुसरा. सॅमने ऑनलाइन तिघांचे स्की, बूट, हेल्मेट भाड्याने ठरवून टाकले. तालियाचे बूट त्याने एक माप मोठे मागवले. मी म्हटलं, अरे, हे दोन दिवसांनी परत करायचेत. तो लाजला, पण माप काही बदललं नाही त्याने. वाढत्या अंगाच्या मुलीला नेमक्या मापाचं काही घ्यायचं म्हणजे आमच्या लोकांच्या जिवावर येतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. गाडीत स्कीचं सामान कमी आणि खाण्याचं जास्त. आमचं खाणं कोशर, धर्माच्या नियमांतलं, असतं म्हणून पातेल्यांसकट सगळं घरून न्यायचं. शिवाय एक भली मोठी निळी बॅग आईने स्वतः भरली होती आणि ती कुणाला उचलू देत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, लागतं सटरफटर, कुठे जाताना हात हलवत जाऊ नये. हे तिचं कायमचं वाक्य. सूर्य तळ्याच्या कडेला टेकत होता तेव्हा आम्ही पोचलो, आणि आमचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो म्हणून धावतपळत मेणबत्त्या लावल्या. काळ्या मनुकांचं सरबत आईने सकाळीच करून बाटलीत भरलं होतं. सॅमने त्यावर किद्दूशची प्रार्थना म्हटली. बाहेर सगळं निळं होत गेलं, आणि पलीकडच्या डोंगरावर रात्रीच्या स्कीसाठी दिवे लागले. तालियालासुद्धा फोन बघावासा वाटला नाही, किंवा सिग्नल नसेल.

तो शनिवार माझ्या आयुष्यातल्या सुंदर शनिवारांपैकी एक आहे. काही म्हणजे काही घडलं नाही. तळ्यावर कुणी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलं होतं. त्याचं लाल झोपडं, झोपड्याबाहेर एक कुत्रा. डोंगरावरून माणसं खसखशीच्या दाण्यांसारखी सांडत होती. आम्ही थंड बटाट्याची भाजी आणि पोळ्या खाल्ल्या, झोपलो, उठलो, पुन्हा खाल्लं. आई मात्र खिडकीतून हलली नाही. मांडीवर शाल, हातात सिद्दूर, प्रार्थनांचं पुस्तक, पण पान उलटत नव्हतं. मधूनच ती तालियाला विचारायची, तो पांढरी दाढीवाला बघ, तो मघाशीही आला होता ना. तालिया म्हणायची, आजी, यू कान्ट सी हिज बिअर्ड फ्रॉम हिअर. आई म्हणायची, चालण्यावरून कळतं. मला वाटलं, बाईला बसल्या बसल्या बरी करमणूक मिळाली, आणि खिडकी निवडल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

रविवारी सकाळी गाडी वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली. चॅलेत शिरल्याबरोबर मी काचेलगतचा बाक धरला. निळी बॅग, डब्यांची बॅग, थर्मास, सगळ्यांचे घालून आलेले बूट, आणि हो, पासपोर्टही. तीन तासांवर जायचं तरी आमचे पासपोर्ट बरोबर असतात. आईला मधोमध बसवून आम्ही तिघं भाड्याच्या दुकानाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

तालियाचे मोठे बूट पाचच मिनिटांत परत गेले. दुकानातल्या मुलीने बोटं लावून बघितलं, आत पाय हलतोय म्हणाली, आणि नेमक्या मापाचा जोड आणून दिला. सॅम दुसरीकडे बघू लागला. मी हसत मागे वळले तर रांगेत माझ्यामागे आई उभी. पायांत माझेच लोकरी मोजे, हातात स्वतःच्या चपला. होय, चपला. गाडीतून दारापर्यंतच तर जायचंय म्हणून ती मोज्यांवर चपला घालून आली होती.

"आई, काय हवंय? वॉशरूम त्या बाजूला."

"मला पण दे म्हणावं बूट," आई म्हणाली.

मला ती काय बोलतेय हे समजायला वेळ लागला. तालियाला लगेच कळलं. ती रांगेतल्या लोकांच्या देखत दोन्ही हात वर करून नाचली. सॅमच्या चेहऱ्यावर आधी सासूबाईंची हाडं आणि मग त्यांचा इन्शुरन्स असे दोन्ही विचार येऊन गेलेले मला दिसले. पण तो चांगला माणूस आहे. त्याने फोन काढून नवशिक्यांच्या वर्गात एक नाव वाढवलं.

मग आली पंचाईत. काउंटरवरच्या मुलीने आईला वय विचारलं, उंची विचारली आणि वजन विचारलं. जावयासमोर सासूने वजन सांगायचं? आईने सॅमला हेल्मेटं बघून यायला पाठवलं. तो गेल्यावरही तिने जो आकडा सांगितला तो ऐकून मलाच खोकला आला. त्या वजनाची ती माझ्या धाकट्या भावाच्या बार मिट्झवाला, म्हणजे आमच्यातल्या मुंजीला, असेल. मुलगी हसून म्हणाली, वजनावरूनच ठरतं की पडल्यावर बूट स्कीपासून केव्हा सुटायचा. कमी सांगितलंत तर उभ्या उभ्याच सुटेल. मी ते मराठीत सांगितलं. आई काउंटरवर वाकली, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्या परक्या मुलीच्या कानात खरा आकडा सांगितला. तो आकडा आजतागायत मला माहीत नाही.

वर घालायची जाड पँटही तिला भाड्याने मिळाली. तिच्या मापाची एकच उरली होती, झेंडूच्या रंगाची. तीत ती शिरली, कुडता आत खोचला, हेल्मेट चढवलं. आयुष्यभर फिकट साड्या नेसलेल्या माझ्या आईकडे मी बघतच राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल? सामान. बाकावर कुणीच नव्हतं. निळी बॅग, थर्मास, पासपोर्ट, सगळं उघड्यावर. कुणी काही न सांगता माझे पाय तिकडे वळले. त्या जड बुटांतून खटखट करत मी बाकापाशी गेले, बॅगा जवळ ओढल्या आणि बसले. कुणीतरी बसायलाच हवं होतं. आई जाऊन येऊ दे, मी बघते काचेतून, सॅमला सांगते फोटो काढ. मी अगदी समाधानाने बसले होते, हे मला आज विशेष वाटतं. आपण त्याग वगैरे करतोय असं मनातही नव्हतं. जागा रिकामी होती आणि मी तिच्यात बरोब्बर मावले.

आई मागोमाग आली. स्कीच्या बुटांत गुडघे वाकवूनच चालावं लागतं, तशी एकेक पाऊल आपटत, हॉलमधल्या लोकांच्या मधून वाट काढत. समोर उभी राहिली.

"इथे काय करतेस?"

"सामान आहे ना, आई. तू जा. तालिया आहे तुझ्याबरोबर."

"महिनाभर घसा फोडून विचारतेय, सामान कुठे ठेवतात, सामान कुठे ठेवतात. एकाने धड सांगितलं नाही. शेकोटी आहे म्हणे. मला शेकोटीशी काय करायचंय? कपाट आहे का, कुलूप आहे का, ते विचारत होते मी."

प्रत्येक डोंगराला तिने ते विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिला बसायची जागा दाखवली होती.

"ऊठ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा शांत होता. "ही जागा मी तुला द्यायला ठेवलेली नाही. ऊठ, माझ्या जागेवर बसू नकोस."

मी उठले. कपाटं होती, पण निळी बॅग एकाही कपाटात जाईना. शेवटी आईनेच तिला स्कीच्या बुटाने ढकलत बाकाखाली सारलं, जशा बाकीच्या सगळ्यांच्या बॅगा हॉलभर बेवारशी पडल्या होत्या तशी. पासपोर्ट सॅमने जॅकेटच्या आतल्या खिशात कोंबले. दारातून बाहेर पडताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. आईने एकदाही पाहिलं नाही.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नवशिक्यांचा तो उतार एवढासा, ठाण्याच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या रॅम्पहून थोडा लांब. वर न्यायला जमिनीवरून सरकणारा पट्टा. शिकवणारा मुलगा सांगत होता की थांबायचं असेल तर स्कीची टोकं जवळ आणा, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. आई पट्ट्यावरून वर चालली होती, झेंडूच्या रंगाची, ताठ उभी, परेडला निघाल्यासारखी. वर पोचल्यावर ती तशीच थांबली. तिच्यापुढे तो सगळा पांढरा उतार, त्याच्या पायथ्याशी तळं, तळ्यापलीकडे आमच्या कॉटेजची ती खिडकी. पडली तर काय, हाड मोडलं तर काय, हे सगळं होतंच. पण त्याहून मोठी भीती ही होती की ती आता, इतकं करून, मागे फिरेल.

ती फिरली नाही. निघाली. खालून तालिया ओरडत होती, "आजी, पिझ्झा! पिझ्झा!" आईने काही पिझ्झा केला नाही. सरळ आली, दोन्ही हात पसरून, तोंड उघडं, आणि आवाज न करता हसत. माझ्या बाजूने ती गेली तेव्हा वाऱ्याची एक झुळूक लागली मला, खरंच लागली. खाली बर्फाच्या ढिगात जाऊन ती बसली तेव्हा दोन्ही बूट फटाफट सुटले. वजन खरं सांगितलं होतं ते कामी आलं.

मी धडपडत तिच्यापाशी पोचले. तिच्या कानात बर्फ, बाहीत बर्फ, चष्म्यावर बर्फ. मी विचारलं, लागलं का. ती म्हणाली, मोजे ओले झाले. आणि मग आम्ही दोघी बर्फात बसून इतक्या हसलो की शिकवणारा मुलगा काळजीने जवळ आला. वर पाहिलं तर तिच्या स्कीच्या दोन रेघा उतारावर उमटल्या होत्या. जरा वाकड्या, पण वरपासून खालपर्यंत अखंड. आई म्हणाली, हन्नाबीच्या रथाच्या चाकोऱ्या अशाच असतील, त्या खडकावर मला कधी नीट बघायलाच मिळाल्या नाहीत.

ती त्या दिवशी किती वेळा वर गेली ते कुणी मोजलं नाही. पडली बऱ्याचदा. दाढीवाला तिला भेटला, त्याला खरोखरच पांढरी दाढी होती. मीही उतरले. मी वाईट स्की करते, आजही वाईटच करते. दुपारी भुकेने कासावीस होऊन आत आलो तेव्हा बॅगा होत्या तशा होत्या. कुणीतरी आपल्या बाळाचे ओले हातमोजे बाकाखालून डोकावणाऱ्या आमच्या निळ्या बॅगेवर वाळत घातले होते, तेवढाच काय तो बदल. आईने ते हातमोजे उलटे करून दुसरी बाजू शेकोटीकडे केली.

संध्याकाळी कॉटेजवर आल्यावर निळी बॅग उघडली. तिच्यात निघाले पोहे. पोहे, खोबऱ्याच्या किसाचा पुडा, साखर, वेलची, काजू-बेदाणे, खजूर, केळी, सफरचंदं, संत्री. आमच्यात नवस फेडताना, चांगलं काही घडल्यावर आभार मानताना मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन. त्याचं सगळं साहित्य आईने ब्रॅम्पटनहूनच बांधून आणलं होतं.

"नवस कधी बोललीस?" मी विचारलं.

"सॅमने पहिला डोंगर दाखवला तेव्हाच. पण धीर होत नव्हता. काल दिवसभर बघितलं, माझ्याहून म्हातारी माणसं उतरत होती. मग म्हटलं, आता नाही तर केव्हा."

तिने पोहे धुऊन परातीत कालवले. तिच्या दंडावर मोठा काळानिळा डाग उमटला होता आणि तो ती येताजाता निरखत होती. सॅमने प्रार्थना म्हटल्या. तालियाने विचारलं, व्हॉट आर वी थँकिंग फॉर, एक्झॅक्टली? आईने तिच्या हातावर मलिदा ठेवला आणि म्हणाली, "गुडघ्यांसाठी." आम्ही सगळ्यांनी तो दोनदोनदा मागून खाल्ला. काचेबाहेर डोंगरावर दिवे लागलेले होते आणि माणसं अजून सांडतच होती.

मार्चमध्ये ती परत गेली. त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही त्याच डोंगरावर जातो. ती दोन वर्षं आली नाही, आधी मोतीबिंदू झाला, मग भावाकडे लग्न निघालं. बाकावर बॅगा ठेवताना मला अजून क्षणभर ओढ लागते बसायची. ती ओढ जाणार नाही असं दिसतं. तालियाला मात्र तसलं काही होतच नाही. ती आपली बॅग बाकाखाली फेकते आणि चालू लागते, मागे न बघता. मी तिला हाक मारून झिप तरी लाव म्हणते. झिप ती लावत नाही, आणि मला त्याचा केवढा आनंद होतो हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

परवा रविवारी टायर बदलून आणले. रात्री जेवणानंतर सॅमने लॅपटॉप उघडला आणि सवयीने आईला व्हिडिओ कॉल लावला. ठाण्यात सकाळ होती, ती चहा पीत होती. आई, हा नवीन डोंगर बघा, सॅम म्हणाला. तिने बघितला न बघितला आणि सांगितलं की नवीन वगैरे काही नको, आपला तोच बरा, आणि तिच्या बुटांचं माप बदललेलं नाही. मग आम्हाला कळलं की तिने जानेवारीचं तिकीट काढलंसुद्धा.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. येताना मसाला आण, कोकम आण, तालियासाठी ते आण, दोन मोठ्या बॅगांचं वजन मिळतं, तेवढं भर. ती मला मध्येच थांबवून म्हणाली की एकच लहान बॅग आणणार आहे, विमानात डोक्यावर ठेवतात तेवढी.

"एकच? आणि मलिद्याचे पोहे?"

"ब्रॅम्पटनमध्ये मिळतात, तूच घे. मी या खेपेला हात हलवत येणार आहे," आई म्हणाली, आणि चहा संपवायला लागली.